समुद्राखालची भेग आणि दापोड्याचं गोदाम

मोहिमेचा अहवाल छापून आला की त्यात सगळं असतं. जहाजाचा मार्ग असतो, यंत्रांची खोली असते, आभार तर पानभर असतात. आमची प्रत्यक्षात काय त्रेधा उडाली, ते मात्र त्यात औषधालाही सापडत नाही. ते बाहेर येतं दुपारी डबे उघडल्यावर. एकाने सुरुवात केली की दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही," आणि भाजी गार होते. आमच्या समुद्राच्या मोहिमेचे किस्से असेच साठत गेले. गंमत म्हणजे त्यातले निम्मे भिवंडीतच घडलेत.

आधी थोडं कामाचं सांगतो. पश्चिमेच्या समुद्राच्या तळाशी जमिनीला एक लांबलचक भेग आहे. तिथे जमीन सरकते आणि भूकंप होतात. जुन्या नकाशावर ही भेग अर्ध्यातच थांबते आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. आमच्या मोहिमेच्या प्रमुख सामंत मॅडमचं म्हणणं असं, की ती थांबत नाही, किनाऱ्याकडे वळते. किनाऱ्यावर गावं आहेत, म्हणून त्यांना याची काळजी. त्यांची अर्धी नोकरी त्या प्रश्नचिन्हापायी गेली. जहाज या एकाच मोहिमेपुरतं मिळणार होतं आणि मॅडम त्याच वर्षी रिटायर होणार होत्या. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, असा मामला होता.

•

यंत्रं ठेवायला मोठी जागा हवी होती. मी भिवंडीचा, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी मॅडमना दापोड्याला नामदेवकाकांकडे नेलं. काकांच्या वाडवडिलांची भातशेती होती, आता तिथे गोदामं उभी आहेत. कुठल्याही गिऱ्हाइकाला काका तीनच प्रश्न विचारतात. माल वास मारतो का, पेट घेतो का, उंदीर लागतात का. मॅडमनी तिन्ही वेळा नाही म्हटलं.

मग काकांनी चौथा प्रश्न विचारला, की ही यंत्रं करतात तरी काय. मॅडम शिकवायच्या उत्साहात आल्या. म्हणाल्या, ही समुद्राच्या तळाशी महिनोन्‌महिने बसून जमिनीचं बोलणं ऐकतात.

काका गंभीर झाले. "जमीन बोलाया लागली का मानूस कोर्टात जातो, मॅडम. आमच्याकडं सगल्यांची बोलते."

तरी त्यांनी अर्धं गोदाम दिलं. उरलेल्या अर्ध्यात एका व्यापाऱ्याचं कोरं कापड होतं.

•

समुद्रात सोडण्याआधी यंत्राची चाचणी घ्यावी लागते. गोदामात ठेवलं तर दर थोड्या वेळाने कंटेनर रिव्हर्स यायचा आणि पडद्यावर भूकंप उमटायचा. आमच्या टीममधली रेवती नवीन होती. पहिल्या दिवशी तिने एकापाठोपाठ एक असे हादरे पाहिले आणि मॅडमना फोन करून सांगितलं, की ठाणे जिल्हा हलतोय. बाहेर साबणाच्या पेट्या उतरत होत्या.

मॅडम म्हणाल्या, यंत्र भिवंडीतल्या एखाद्या शांत जागी हलवा. हे ऐकून हमाल इतके हसले की काम थांबलं. शेवटी मी यंत्र निजामपुऱ्यात माझ्या घरी नेलं. आमच्या भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम आहेत. लूमचा आवाज मी जन्मापासून ऐकतोय, त्यामुळे मला तो येतच नाही. यंत्राला आला. पडद्यावर रेघ उमटेना, नुसता काळा पट्टा उमटायला लागला. रेवती म्हणाली, चालेल, निदान यंत्र जागं आहे हे कळतं.

मग एका सकाळी ती यंत्र बघायला आली आणि घाबरीघुबरी होऊन मला हाका मारायला लागली. पडदा कोरा पडला होता, रेघ सरळसोट. तिला वाटलं, यंत्र गेलं. मीही धावपळ करून सगळ्या वायरी तपासल्या. आई आतून चहा घेऊन आली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"अरे, शुक्रवार हाय आज, लूम बंद हायेत," ती म्हणाली. "मला पण शुक्रवारी कान गेल्यासारखं वाटतं."

•

यंत्रं बंदराकडे निघाली त्या दिवशी कशेळीला ट्रॅफिक जाम झाला. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधोमध आमचा टेम्पो. जहाज संध्याकाळी सुटणार होतं. मॅडम गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि चालत जाऊन ट्रॅफिक हवालदाराला गाठलं. आम्हाला सोडा, नाहीतर जहाज सुटेल, असं त्यांनी कळवळून सांगितलं.

हवालदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं काहीतरी सुटतंय. मघाशी तर एक नवरदेव होता."

मॅडम परत आल्या आणि आम्हाला विचारलं, त्या नवरदेवाचं पुढे काय झालं? ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. जहाज मात्र त्या दिवशी उशिरा सुटलं. कारण कॅप्टन आमच्याच मागे जाममध्ये अडकला होता.

•

निघताना नामदेवकाकांनी एक नारळ दिला होता. खाडीकाठचा माणूस, पाण्यात काही सोडायचं तर आधी समुद्राला नारळ द्यायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. मॅडमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. त्यांनी तो नारळ जहाजाच्या किचनमध्ये देऊन टाकला, चटणीला.

सगळी यंत्रं एकेक करून तळाशी गेली. शेवटचं यंत्र प्रश्नचिन्हाच्या जागेवर सोडायचं होतं. क्रेनला लावलं, सगळे तयार झाले, आणि मॅडम म्हणाल्या, जरा थांबा. त्या खाली गेल्या. बऱ्याच वेळाने वर आल्या तेव्हा हातात नारळ होता. रेवती काही बोलणार होती, मी तिचा पाय दाबला.

मॅडमनी नारळ टाकला आणि यंत्र सोडलं. यंत्र गेलं, नारळ काही बुडेना. तो जहाजाला धक्के मारत बाजूबाजूने तरंगत राहिला. कॅप्टनने विचारलं, हे पण तुमचंच यंत्र का? मॅडम हो म्हणाल्या.

•

काही महिन्यांनी आम्ही यंत्रं आणायला गेलो. पाण्यात खास आवाज सोडून हाक मारायची, मग यंत्र पायाशी बांधलेलं वजन सोडून देतं आणि वर तरंगत येतं. पहिलं पिवळं टोपण लाटांवर दिसलं तेव्हा रेवती नाचली. मग दुसरं आलं, तिसरं आलं. नाचून नाचून ती दमली.

प्रश्नचिन्हावरचं मात्र आलं नाही. आम्ही हाका मारत राहिलो. कॅप्टनने द्यायचा तेवढा वेळ दिला, मग त्याहून जास्त दिला. शेवटी तो येऊन मॅडमच्या शेजारी उभा राहिला. मॅडमनीच मान हलवली आणि जहाज वळलं.

त्या वेळी कुणालाच विनोद सुचला नाही. मला फार वाईट वाटलं. मॅडम कठड्याला टेकून मागे बघत होत्या. मी चहा नेऊन दिला तर म्हणाल्या, "बाकीचा नकाशा छान होईल रे." बाकीचा नकाशा कुणालाही काढता आला असता, हे त्यांना ठाऊक होतं.

•

आता शेवटचा. हा सांगितला की डबा धुवायला उठायचं.

भेगेला इंग्रजीत फॉल्ट म्हणतात. त्यामुळे आमच्या प्रत्येक यंत्रावर मोठ्या अक्षरांत "फॉल्ट मॅपिंग" असं लिहिलेलं आणि खाली फोन नंबर. ऑफिसचा फोन कुणी उचलत नाही आणि आम्ही सगळे समुद्रात, म्हणून मी गोदामाच्या मोबाइलचा नंबर टाकला होता. तो इस्माईलभाईकडे असतो. इस्माईलभाई शेजारच्या कापडाचा सुपरवायझर. कापडात फॉल्ट म्हणजे विणीतला दोष, तुटलेला धागा, डाग. दिवसभर गावोगावचे व्यापारी फोन करून फॉल्ट निघाला म्हणून रडतात आणि इस्माईलभाई त्यांना वाटेला लावतो.

मॅडमच्या रिटायरमेंटच्या आठवड्यात आम्ही गोदाम रिकामं करायला गेलो होतो. रिकाम्या पेट्या ट्रकमध्ये चढत होत्या. मॅडम एका पेटीवर बसून चहा पीत होत्या. इस्माईलभाईचा फोन वाजला. त्याने थोडं ऐकलं, "फॉल्ट का माल वापस नहीं होता, कितनी बार बोला," असं म्हणून ठेवून दिला. लगेच परत वाजला. त्याने कट केला.

"कोकणातली कोन तरी पार्टी हाय," तो मला म्हणाला. "रोज डोकं खातो. बोलतो, माल भिजलाय. बोलतो, मालाला शिंपले चिकटलेत. कपड्याला कधी शिंपले चिकटतात काय?"

मॅडमचा कप तोंडापाशी थांबला. माझ्या हातातली पेटी सुटली.

फोन पुन्हा वाजला. मॅडमनी हात पुढे केला, इस्माईलभाईने मुकाट्याने फोन दिला. बाहेर ट्रकचा आवाज होता म्हणून त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे समुद्राचा वारा आणि वैतागलेला एक नाखवा.

"ओ बाई, तुमचा पिवळा डबा माझ्या जाळ्यात आला, तो अंगणात पडून हाय. वर फॉल्ट लिवलंय. तुमचा मानूस म्हनतो, फॉल्टचा माल आमी परत घेत न्हाय. आता येकदाच काय ते सांगा, टाकू का परत पान्यात?"

"टाकू नका," मॅडम म्हणाल्या. "फॉल्ट असेल तरच घेते."