कोपऱ्यातला कंटाळा

माझ्या मुलीला तिचे वडील आठवत नाहीत. मला आठवायचे.

शिरपूरजवळच्या आमच्या गावात, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून ते गेले तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. आमच्याकडे त्या काळी नवरा गेला की बाईनं कोपरा धरायचा. वर्षश्राद्धापर्यंत मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचं. काम करायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, चारचौघांत दिसायचं नाही. सासू वाईट नव्हती. ताट पुढ्यात आणून ठेवायची, पण सुपातली डाळ निवडायलाही हाती देत नसे, रीत मोडेल म्हणून.

सुरुवातीला मी खरंच रडले. त्यानंतर जे आलं त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. मला कंटाळा आला. साधा, जांभया आणणारा कंटाळा. नवरा मेलेल्या बाईला भूक लागते हे लोक समजून घेतात. कंटाळा येतो म्हटलं असतं तर जीभ हासडली असती. समोर ज्वारीची कोठी आणि तिच्यावर एक पाल. पालीला निदान इकडून तिकडे जाता येत होतं.

मला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, रडणं. गावोगावच्या बाया दारावर यायच्या, म्हणजे दुखवट्याला. पदर तोंडावर ओढून हेल काढायच्या आणि प्रत्येकीबरोबर मलाही नव्यानं हेल काढावा लागे. तेच ते शब्द. अर्धा डाव टाकून गेला, लेकरू उघडं पडलं. त्या शब्दांचा मला वीट आला, म्हणून मी नवे जोडू लागले. दुपारभर मनात जुळवायची. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज तोडायचा ते ठरवायची. दिवस जरा सरकू लागला. नवऱ्यानं माझ्यासाठी बाजारातून बांगड्या आणल्याचं मी रचलं. खरं तर बाजार सासरे करत. मग एके दिवशी हे जुळलं:

"मनी आंडेरना बाप, तिले खांदावर बसाडीसन जत्रा दखाडी रे, आते कोन दखाडी?"

लेकीला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा बाप. बाया हमसून हमसून रडल्या. एक म्हातारी जाता जाता सासूला म्हणाली, "तुनी बहू मोठी गुणनी शे. इतलं रडनं मी कोठेच आयकं नही." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

कोपरा सुटला, ती ओळ राहिली. सासू नातीला झोपवताना तीच सांगे, आणि मुलगी शाळेत मैत्रिणींना सांगे की बाबांनी मला जत्रा दाखवली होती. मी कधी मोडता घातला नाही. तेवढाच बाप तिच्या वाट्याला आला होता.

नव्वद सालानंतर, मुलगी दहावीत असताना, नरडाण्याकडच्या एका गावी आम्ही दोघी दारावर गेलो. कोपऱ्यात एक कोवळी पोर बसली होती, सात महिन्यांची गरोदर. तिनं पदर ओढला आणि हेल काढला. मी घ्यायची तिथेच श्वास घेतला, मी तोडायची तिथेच आवाज तोडला. लेक, खांदा, जत्रा, सगळं. तिचं लेकरू अजून जन्मायचं होतं.

परतताना एसटीत मुलगी माझ्याकडे वळली. म्हणाली, "आई, मला नेलं होतं ना गं जत्रेला?"

"नाही," मी म्हणाले. "तू तेव्हा मानसुद्धा धरत नव्हतीस."

"मग खरं काहीतरी सांग त्यांचं. एकच."

मी आठवू लागले. ते हाक कशी मारायचे, जेवताना काय मागायचे, चिडले की काय करायचे. शिरपूर येईपर्यंत शोधत होते. लेकीला खांद्यावर घेऊन जत्रेत उभा असलेला एक माणूस तेवढा दिसत होता, आणि त्याला मी कधीच पाहिलेलं नव्हतं.