वर्लिनचं अजून ठरत नाही

वर्लिन हाकस्मा चौतीस वर्षं आमच्या गावच्या शाळेची बस चालवत होता. माझ्या दोन्ही मुली त्याच्याच बसमधून शाळेत गेल्या. बसमध्ये तो दोनच शब्द बोलायचा, "बसा" आणि "उतरा". निवृत्त झाल्यावर मात्र त्याच्या साठलेल्या बोलण्याला वाट फुटली. कॅफेत, पोस्टात, मी काम करते त्या वाचनालयात, दिसेल त्याला तो गाठायचा. त्याचा आवडता विषय म्हणजे कोल्ह्याच्या ओढ्यावरचा पूल. पूल कमकुवत झाला म्हणून बसला बंदी झाली होती आणि पलीकडच्या शेतांवरची पोरं अकरा मैलांचा वळसा घालून शाळेत यायची. मुद्दा खराच होता. पण चाळीसाव्यांदा ऐकताना माणूस हातातली कॉफी अर्धी टाकून उठतो.

दर चार वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार सगळ्यांत आधी आमच्या आयोवा राज्यात येतात. मका कापणीला आलेला असताना येतात आणि जानेवारीच्या बर्फात आमची मतं घेऊन निघून जातात. आम्ही कंटाळल्याचं नाटक करतो. पण एखादा उमेदवार शेजारच्या गावात दोनदा गेला आणि आमच्याकडे एकदाच आला, तर ते आम्हाला वर्षभर सलतं.

त्या सप्टेंबरात शिकागोच्या पेपरची एक वार्ताहर कॅफेत आली आणि तिने नेमकं वर्लिनला विचारलं, "तुमचं मत कुणाला?"

"अजून ठरलं नाही," वर्लिन म्हणाला. खरं तर तो तेव्हा खिम्याचं सँडविच खात होता आणि त्याला तिला लवकर कटवायचं होतं.

पेपरात त्याचा फोटो आला. आडनाव चुकलं होतं, पण खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'न ठरलेला मतदार'. त्या दिवसापासून वर्लिनचं नशीबच पालटलं. त्या वर्षी आघाडीवर दोन उमेदवार होते, एक कुठल्याशा राज्याचा गव्हर्नर आणि एक उद्योगपती. सकाळी गव्हर्नरच्या प्रचार कचेरीतून फोन, दुपारी उद्योगपतीच्या कचेरीतून, संध्याकाळी दारात कुणीतरी हसतमुख माणूस पत्रकं घेऊन उभा. पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा गव्हर्नरच्या लोकांनी त्याच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ उपसला. ते उद्योगपतीच्या लोकांनी पाहिलं आणि त्यांनी मागचं अंगण साफ केलं. तिथे जूनपर्यंत कुणी पाऊलही टाकणार नव्हतं.

"अगं लोइस," त्याची बायको आर्डिथ मला म्हणाली, "आता फक्त छपराचं काम राहिलंय. तेवढं कुणाकडून तरी करून घेतो आणि मग ठरवतो म्हणतोय."

एकदा तर गव्हर्नर स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आर्डिथने भाजलेल्या रूबार्ब पाय या आंबटगोड पक्वान्नाचे दोन तुकडे खाल्ले. वर्लिनने त्याला पुलाची सगळी कथा सांगितली, अगदी कुठल्या खांबाला कधी तडा गेला तिथपासून. गव्हर्नरने मान हलवली, सोबतच्या बाईला 'लिहून घ्या' म्हणाला आणि वर्लिनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी यात लक्ष घालतो."

पुढच्या आठवड्यात उद्योगपती शाळेच्या सभागृहात आला. त्यालाही वर्लिनने पूल ऐकवला. "निवडून आलो की पहिल्या शंभर दिवसांत!" तो म्हणाला. टाळ्या पडल्या. वर्लिन घरी येऊन म्हणाला, "दोघंही चांगले आहेत. माझं अजून ठरत नाही."

तिसरी होती सिनेटर ट्रेडवेल. ती इतकी मागे पडली होती की तिच्या सभेला वार्ताहरसुद्धा येत नसत. डिसेंबरात ती अग्निशमन केंद्रात आली. आम्ही बावीस जण होतो, आणि त्यातले निम्मे राजमा घातलेल्या गरम चिलीसाठी आलेले. वर्लिन उठला आणि पूल सुरू केला. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हा पूल कुणाचा आहे?" तिने विचारलं.

"आमचा."

"तसं नाही. म्हणजे जिल्ह्याचा, काउंटीचा, की राज्याचा?"

"काउंटीचा असावा."

"मग राष्ट्राध्यक्षाचा त्याच्याशी काही संबंध नाही. काउंटीच्या मंडळाची बैठक कधी असते, माहितीय तुम्हाला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मंगळवारी सकाळी नऊला!"

"कधी गेलाय तिथे?" तिने वर्लिनला विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला विचारताय?"

बावीसच्या बावीस जण हसले. वर्लिन चिलीचा वाडगा तसाच ठेवून बाहेर पडला. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं. वर्लिनच्या हातून खाणं सुटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तीन आठवडे तो धुमसत होता. "काय बाई आहे! मत मागायला आलीय की मास्तरकी करायला?"

"बरोबरच बोलली ती," आर्डिथ म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"ते मला कुणी विचारलेलंच नाही. माझा फोटो नाही ना आला पेपरात."

जानेवारीत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडायची बैठक भरली; तिघंही त्याच पक्षाचे. आमच्याकडे या निवडीत चिठ्ठी टाकत नाहीत. शाळेच्या व्यायामशाळेत सगळे जमतात आणि ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या गावादेखत. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नसतील, तो कोपरा मोडतो आणि तिथल्या लोकांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी. त्या वर्षी डोकी मोजायचं काम माझ्याकडे होतं. एकूण चौऱ्याण्णव माणसं आली. कोपरा टिकायला किमान पंधरा हवीत.

गव्हर्नरकडे एक्केचाळीस. उद्योगपतीकडे अडतीस. ट्रेडवेलकडे चौदा, आणि त्या चौदांत हाताची घडी घालून आर्डिथ. वर्लिन तिच्याकडे बघतच राहिला.

स्वतः वर्लिन 'अजून ठरलं नाही' या पाटीखाली उभा होता. एकटाच. हातात शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्यांची बशी.

"वर्लिन," मी म्हटलं, "तुझ्या कोपऱ्यात एकच माणूस आहे. कोपरा मोडला. आता दहा मिनिटांत हल."

मग जे सुरू झालं, ते मी कधी विसरणार नाही. गव्हर्नरकडून दंतवैद्य हुल्स्ट धावत आला. "वर्लिन, अरे गव्हर्नर तुझ्या घरी जेवलाय!"

"जेवला नाही. रूबार्ब पाय खाल्ला. दोन तुकडे," वर्लिन म्हणाला.

उद्योगपतीकडून बियाणांच्या दुकानातली मिसेस फाल्क आली. "मागच्या अंगणातला बर्फ कुणी काढला, आठवतंय ना?"

"आठवतंय. तिथे माझ्या बायकोचे गुलाब होते. ते पण काढलेत."

ट्रेडवेलच्या कोपऱ्यातून कुणीच आलं नाही. तिथले तेराजण आशेने आर्डिथकडे बघत होते. आर्डिथ जागची हलली नाही. नुसती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या व्यायामशाळेत ऐकू गेला, "त्याला ओढू नका. त्याचं त्याला कळू दे. चार महिने सगळ्यांनी त्याला डोक्यावर बसवलंय, आता स्वतःच्या पायांवर चालू दे."

लोक हसले. वर्लिनचे कान लाल झाले. मी घड्याळ बघत होते. तीन मिनिटं राहिली, मग दोन. वर्लिन बशीकडे बघत होता. मला वाटलं, हा आता सरळ घरी जाणार. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण त्या क्षणी तो किती एकटा दिसत होता, ते बघवेना. ज्या दिवशी त्याचं ठरणार, त्या दिवसापासून त्याला कुणी फोन करणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

शेवटी तो चालायला लागला. ट्रेडवेलच्या कोपऱ्याशी जाऊन थांबला. बशी आर्डिथच्या हातात दिली.

"बाई उद्धट आहे," तो म्हणाला.

"हो," आर्डिथ म्हणाली.

"पण बाकीच्या दोघांनी मला लहान पोरासारखं गप्प बसवलं. तिने निदान भांडण केलं." आणि माझ्याकडे वळून दरडावल्यासारखा म्हणाला, "मोज, लोइस. पंधरा."

मी मोजले. पंधरा. तेरा जणांनी त्याला असं काही मिठीत घेतलं की बाईच राष्ट्राध्यक्ष झाली असं वाटावं.

नऊ दिवसांनी ट्रेडवेलबाईंनी माघार घेतली. गावातल्या कचेऱ्यांना तोवर कुलपं लागली होती आणि सगळी मंडळी पुढच्या फेरीसाठी न्यू हॅम्पशायर राज्यात पोचली होती. वर्लिनच्या घरचा फोन मुका झाला. पुढचा बर्फ त्याने स्वतः उपसला, वाटेपुरताच. दोनेक आठवडे तो कुठे दिसला नाही. मग एक दिवस वाचनालयात येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्याने मला विचारलं, "मंडळाच्या बैठकीला आधी नाव द्यावं लागतं का गं?"

पहिल्या मंगळवारी आर्डिथने मला त्याच्याबरोबर धाडलं. टेबलापलीकडे तीन सदस्य, अलीकडे बारा खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "रस्ता चुकलात का?"

वर्लिन पंचवीस मिनिटं बोलला. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. एका सदस्याने खांबाच्या तड्यावर त्याच्याशी वाद घातला, दुसऱ्याने नकाशा उघडला, आणि वर्लिनने उभ्या उभ्या त्यातल्या दोन चुका काढल्या. दुसऱ्या वर्षी पुलाचं काम निघालं. तोवर त्याने ओढ्याकाठचं गवत, चौकातली तिरकी पाटी आणि बर्फावर मीठ टाकणाऱ्या गाडीची वेळ असे तीन नवे विषय काढले होते.

दर मंगळवारी नऊ वाजता, वर्लिन बैठकीत असताना, आर्डिथ स्वतःसाठी कॉफी करते आणि रेडिओ मोठ्याने लावते. मी गेले तर मलाही एक कप देते. मंडळाचे अध्यक्ष मात्र आताशा वाचनालयात आले की माझ्याशी धड बोलत नाहीत. बैठकीची वेळ वर्लिनला मीच सांगितली, असा त्यांचा समज आहे.