पिंकीची घडी

हुडकेश्वरच्या माया आणि पिंकी सख्ख्या जावा. उलट्या मडक्यावर लांब रोटी भाजायची कला सासू भीमाबाईनं दोघींच्या हातात उतरवली, मगच डोळे मिटले. माया ओली कणीक झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि पिंकी भाजलेल्या रोटीची घडी घालायची. शेवटचं टोक आत खोचायची तिची तऱ्हा साऱ्या नागपुरात दुसऱ्या कोणाची नव्हती.

मग धरमपेठेतला एक केटरर आला. तुमच्या रोट्या रोज घेतो, करार करू म्हणाला, आणि जाता जाता मायाच्या कानाशी लागला, "मालक एकच बरा असते, ताई."

झालं! कणीक ताणता ताणता माया स्वप्नात शिरायची. धरमपेठेत दुकान, वर पाटी, पाटीवर तिचं एकटीचं नाव आणि त्यावर कोवळं ऊन. बाई इतकी रमायची की रोटी करपायची.

पण करारातलं कळणार कोणाला? नेहमीचे गिऱ्हाईक गिरिधरबाबू म्हणाले, "मारामारीच्या केसेसवाला वकील कामाचा नाही. धंद्याचे करार पाहणारा पाहिजे." त्यांनी नूपुर मॅडमचा पत्ता दिला.

"दळण पाहून येतो," अशी थाप मारून दुपारी माया निघाली.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. धंद्यात जाऊ भागीदार आहे, करारातून तिचं नाव काढायचं आहे, एवढं कळताच त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे काम मला घेता येणार नाही. कारणही सांगता येणार नाही."

मायाची नजर खिडकीकडे गेली. ताटलीत एक लांब रोटी होती, टोक आत खोचलेली. कोणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, ही भीमाबाईची शिस्त. मायाच्या पिशवीतही रोट्याच होत्या.

बया आपल्या आधी पोचली! मायाच्या अंगाचा तिळपापड झाला. ऑटोत बसल्यावर तिला पुन्हा ती पाटी दिसली, आता पिंकीच्या नावाची. मग तिलाच वाटलं, आपण कोणत्या तोंडानं चिडतोय?

पिंकी मडक्याखाली लाकूड सारत होती.

"वकिलाकडे काहून गेली होती वं?" मायानं आल्या आल्या विचारलं.

"दोघींचं नाव पक्कं कराले. तो केटरर मले म्हणे, मालक एकच बरा. मले काही तो धड वाटला नाही. तुले सांगणारच होती." पिंकीनं वर पाहिलं. "पण तुले कसं समजलं? तू बी गेली होती काय? काहून?"

थाप ओठांवर आली होती. मायाला ती मारवेना.

"तुयं नाव काढाले."

पिंकीचे हात थांबले. मडक्यावरची रोटी कडेनं काळी पडत गेली, कोणी उचलली नाही. आता ही उठेल, चुली वेगळ्या होतील, या भीतीनं मायाला रडूच फुटलं.

मग पिंकीनंच ती करपलेली रोटी उचलली, घडी घातली, टोक आत खोचलं आणि मायापुढं ठेवली.

"खाय आता हे. अन् उद्या माह्यासंगं चाल वकिलाकडे."