अंडी फुटेपर्यंत

ताईला न्यायला म्हणून तालुक्याच्या गावाहून पुढे भाऊजींच्या मोटरसायकलवर बसून गेलो, तेव्हा एक रात्र राहायचं आणि सकाळी निघायचं, एवढाच माझा बेत होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नागपूरच्या दवाखान्यातली ऑपरेशनची तारीख आधीच दोनदा हुकलेली आणि तिसरी चार दिवसांवर आलेली. उजव्या डोळ्याला आता उशीर चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ताई म्हणाली, "अंडे फुटल्याबिगर मी येत नाई."

तलावाला लागून त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आहे आणि तिच्या मधोमध सारसांच्या जोडीने घरटं केलं होतं. रोवणीच्या वेळी ताईने घरट्याभोवतीचा तुकडा न रोवता सोडून दिला होता. मादीने अंडी घातल्यापासून ती रोज उजाडताच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसायची आणि कावळे, कुत्री हाकायची. तिची हिरवी साडी जोडीच्या सवयीची झाली होती. ती नसताना दुसरं कुणी जवळ गेलं की मादी अंड्यांवरून उठायची. भाऊजी तर स्वतःच्याच शेताला लांबून वळसा घालत.

"पाखरांसाठी डोळा घालवणार आहेस का?" मी चिडून विचारलं.

"तू कायले एवढा तळमळून राहिला? आज-उद्या फुटतेत."

मला एका जागी बसवेना. दिवसातून दहा वेळा धुऱ्यापर्यंत जायचो, भाऊजींकडची दुर्बीण लावायचो, परत यायचो. तलावात कमळं होती, बदकं होती. हे सगळं बघायला लोक लांबून गाड्या करून येतात. मला मात्र त्या पाखरांचा राग येत होता. खरं सांगायचं तर ताईचाही. आईमागे हिनेच मला वाढवलं, आणि हिने माझं एवढं एक ऐकू नये?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याशेजारी उभा असताना ती डोळे बारीक करून म्हणाली, "बाबू, दुर्बिनीतून पाह्य बरं. काही दिसून राहिलं का?"

मी पाहिलं. मादी पाय दुमडून अंड्यांवर बसली होती.

"फुटली," मी म्हणालो. "दोन पिल्लं आहेत."

ती थोडा वेळ तलावाकडे तोंड करून उभी राहिली. मग "चाल" म्हणाली आणि पिशवी भरायला घरी गेली.

ऑपरेशन चांगलं झालं. मला मात्र दवाखान्यातही चैन नव्हतं. तिच्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा मी तिच्या नजरेसमोर उभा न राहता औषधं आणायला पळालो.

आठवड्याने तिला परत घेऊन गेलो. ताई माझ्या शेजारी असताना धुऱ्यावर हिरवी साडी दिसली. ताईची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन भाऊजी बसले होते. आम्हाला पाहून ते उठलेसुद्धा नाहीत, नुसतं बोट दाखवलं. मादीच्या पायांशी एक पिल्लू धडपडत होतं.

"एकच?" ताईने विचारलं.

"जातानी तू साडी देऊन गेली होती, पन मले नेसाची लाज वाटली," भाऊजी मान खाली घालून म्हणाले. "पहिल्या दिवशी तसाच आलो. मादी उठली अन् कावळ्यानं एक अंडं फोडलं."

मी ताईकडे पाहिलं. "अंडी फुटली नव्हती, हे तुला माहीत होतं?"

"डोरे गेले होते, कान नाई. पिल्लं निघाले का जोडी हळूहळू घुरघुरते. त्या दिवशी सारं गप होतं."

"मग आलीस कशाला?"

"तू माह्यासंगं कधी खोटं बोलला नव्हता," ती पिल्लावरची नजर न काढता म्हणाली. "म्हटलं, पोरगा लय भेवला असन."