उरलेल्यांच्या जोड्या

तीन मार्च. त्या दिवशी कारखान्यात एकोणीस माणसे कामाला होती. त्यांच्या पगारावर जगणारी, तान्ही मुले धरून, एकसष्ट.

त्यांपैकी एकीची ही हकीकत. तिला सगळे जोडीताई म्हणत. कारखाना हेडफोनचा, म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक लांबट हॉल, दोन्ही बाजूंना टेबले आणि शेवटी काचेच्या आड मालकाची खोली. हेडफोनच्या दोन्ही कानांत आवाज देणारी एकेक चकती असते, मोठ्या नाण्याएवढी. पुरवठादाराकडून या चकत्या खोक्यांनी येत, पण कोणत्याही दोन अगदी सारख्या निपजत नाहीत. एखादी जरा दबक्या आवाजाची, एखादी चढ्या. जोडीताई प्रत्येक चकती मापाच्या पेटीत ठेवी, संगणकावर उमटणारी तिची रेघ पाही, तशाच रेघेची दुसरी शोधी आणि दोघींना एका खणात घाली. जोडी हेडफोनमध्ये बसली की डाव्या कानाच्या गादीखाली ती हिरव्या नेलपॉलिशचा एक ठिपका देई. जिला जोड मिळत नसे ती चकती भंगाराच्या डब्यात.

"हिनं इतकी लग्नं जमवली, एकही मोडलं नाही," शेजारच्या टेबलावर गोंद लावणाऱ्या मावशी म्हणत. "माझ्या वेळी आमच्या घरच्यांना हिचा पत्ता मिळाला असता तर."

हे हेडफोन शौकीन लोक घेत नसत. दिवसभर फोन उचलणारे, दुसऱ्याचे बोलणे ऐकून टंकणारे, भाषेच्या वर्गांतले विद्यार्थी, अशा ज्यांना कानांवर काहीतरी तासन्‌तास बाळगावेच लागते, त्यांच्यासाठी ते होते. हिरवा ठिपका म्हणजे जोडीताईने या माणसांना दिलेला शब्द. त्यांनी तो कधी पाहिलेलाही नसे.

तीन मार्चला मालकाने सर्वांना काचेच्या खोलीत बोलावले. तो आणि जोडीताई एकाच वर्गात पदार्थविज्ञान शिकले होते, म्हणून त्याला अरेतुरे करणारी हॉलमध्ये ती एकटीच. टेबलावर अक्रोडाच्या लाकडाचा, चामड्याच्या पट्टीचा एक हेडफोन ठेवला होता. मालकाने त्याची किंमत सांगितली. ती जोडीताईच्या सात महिन्यांच्या पगाराएवढी होती.

"त्यात डोकं पण मिळतं का?" मावशींनी विचारले.

"हसा," मालक म्हणाला. "पण मोठ्या कंपन्या साधा हेडफोन आपल्या निम्म्या किमतीत विकतायत. खालच्या बाजारात आपण दोन वर्षांत चिरडले जाऊ. वर गर्दी नाही. हा आपला बिनीचा हेडफोन चार जाणकारांनी उचलून धरला की नाव होईल, नावावर साधा माल खपेल. आणि हा करताना जे शिकू ते खालच्या मालात झिरपेल."

हा युक्तिवाद अप्रामाणिक नव्हता, हे नमूद केले पाहिजे. साधा माल खरोखरच पडून राहू लागला होता, आणि काहीच न करणे हाही एक निर्णयच असतो. जोडीताईला त्यात एकच भोक दिसले.

"याच्या चकत्या कुठून आणणार?"

"आपल्याच. निवडून."

"माझ्या खणांतून?"

"अगं, तुझ्या जोड्यांसारख्या जोड्या दुसरं कोण देणार आहे? त्यातल्याही सगळ्यात सारख्या घ्यायच्या."

"आणि साध्याला काय घालायचं?"

"उरतातच की. फरकाची मर्यादा जरा सैल करू. सहा महिने फक्त."

"म्हणजे भंगाराच्या डब्यातून परत काढायच्या."

"तू लगेच टोकाला जातेस."

जोडीताईने भोवतीच्या अठरा चेहऱ्यांकडे पाहिले आणि ती मूग गिळून बसली. सहा महिनेच तर, असे तिने मनाची समजूत घालताना म्हटले. ही तिची चूक होती, आणि तिच्यासारख्या जाणत्या माणसाने केल्यामुळे ती मोठी होती.

सहा महिने सरले. सैल केलेली मर्यादा कोणी पुन्हा आवळली नाही. बिनीच्या हेडफोनला जाणकारांनी डोक्यावर घेतले. एका मासिकात आलेला त्याचा फोटो मालकाने चौकटीत बसवून काचेला लावला. त्याच्यासाठी वेगळ्या, नेमक्या चकत्या घडवून घ्यायच्या तर पुरवठादाराला आगाऊ रक्कम द्यावी लागते. ती रक्कम लाकडात, चामड्यात आणि मखमल लावलेल्या खोक्यात गेली होती. त्या एका खोक्याला साध्या अख्ख्या हेडफोनपेक्षा जास्त खर्च येई. वरून खाली काही झिरपले नाही. खालून वर मात्र रोज उपसले जात होते, आणि उपसणारे हात जोडीताईचे होते.

तिची धाकटी बहीण रुग्णालयाच्या कचेरीत डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टंकत असे. आदल्या वर्षी, मर्यादा सैल झाल्यानंतर, तिने कारखान्याचाच साधा हेडफोन पूर्ण किंमत मोजून घेतला होता. ताईच्या ओळखीवर सवलत घेणे तिला पटले नव्हते. एका रविवारी ती उरलेले काम घेऊन बहिणीकडे आली आणि हेडफोन घालून जेवणाच्या टेबलाशी बसली. जोडीताई भाजी निवडत समोर होती.

"मान का वाकडी करून बसतेस?"

"सवय."

"मागच्या वर्षी नव्हती ही सवय."

धाकटीने अहवाल ऐकवणारे यंत्र थांबवले. "डावा कान गेलाय गं माझा. दोनदा डॉक्टरांना दाखवून आले. ते म्हणतात, कान ठणठणीत आहे, ताण घेऊ नका, फिरायला जात जा."

"मग?"

"मग काय, फिरतेय. कामाचा वेग पार घसरलाय. औषधांचे आकडे आले की तीन-तीनदा ऐकते. आमच्या बाईंनी माझ्या जागी दुसरी बघायला घेतलीय."

"आणि हे मला आत्ता सांगतेस? हेडफोनबद्दल विचारावंसं नाही वाटलं?"

"हेडफोनबद्दल काय विचारायचं?" धाकटीला प्रश्नच कळला नाही. "तुझ्या हातचा आहे तो. तो चुकणार नाही, म्हणजे मीच चुकत असणार."

जोडीताईने हातातली जुडी खाली ठेवली. "उलटा घाल."

"काय?"

"डावीकडचं उजव्या कानावर घाल आणि ऐक."

धाकटीने हेडफोन फिरवून घातला, यंत्र सुरू केले. "आता उजवा गेला," ती म्हणाली आणि हसली. मग तिचे हसू हळूहळू मावळले.

जोडीताईने डावी गादी उचकटली. खाली हिरवा ठिपका होता, नीट गोल, तिच्याच हातचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो हेडफोन मापाच्या पेटीत घालून पाहिला. माणसाचा आवाज जिथे असतो, नेमक्या तिथेच दोन रेघा एकमेकींपासून फाकल्या होत्या. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळले. तो हेडफोन तिने मालकाच्या टेबलावर आणून ठेवला आणि सगळे सांगितले.

"वर्षभरात एकाचीही तक्रार नाही," मालक म्हणाला.

"कशी येईल? तक्रार करायच्या ऐवजी माणसं कानाच्या डॉक्टरकडे जातायत."

"एका जोडीवरून तू—"

"एका? डब्यातल्या चकत्यांच्या जोड्या मी लावल्यात, मला विचार. साडेनऊशे असतील. सगळ्या बदलून द्यायच्या. आणि तुझ्या बिनीच्या हेडफोनला त्याच्या स्वतःच्या चकत्या घडवून घे. नाहीतर बनवू नकोस."

"तेवढं भांडवल असतं तर हा प्रश्नच नव्हता."

"नाहीये ना? मग वर्षभर तो कुणाच्या भांडवलावर चाललाय? कानांवर दुसऱ्याचं बोलणं घेऊन पोट भरणाऱ्यांच्या. त्यांना विचारलंस तू, देता का म्हणून?"

मालकाने चौकटीतल्या फोटोकडे पाहिले. "तो थांबला तर हा हॉल बंद. एकोणीस जणांना तू सांगणार आहेस?"

"सांगते. चल, आत्ता सांगू."

तो उठला नाही. "भावनेच्या भरात बोलतेयस," तो म्हणाला. "घरी जा. उद्या बोलू."

ती टेबलाशी गेली, नेलपॉलिशची बाटली पिशवीत टाकली आणि परत येऊन म्हणाली, "जुनी मर्यादा येईपर्यंत ठिपका मिळणार नाही."

गुरुवारी मावशींच्या टेबलावर हिरव्या नेलपॉलिशची नवी बाटली होती. ती कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मावशी एकेक गादी उचलून ठिपके देत होत्या, जरा लांबट येत होते.

"बघू नकोस अशी," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "तुला बहीण आहे, मला घरात दोन नातवंडं आहेत."

"निदान रंग तरी वेगळा घ्यायचा, मावशी."

"साहेबांनी आणून दिला. म्हणाले, हाच हवा."

आपला राग मावशींवर नाही, असे जोडीताईने स्वतःला बजावले. आणि तरी तो त्यांच्यावरही होता. दबलेल्या माणसाच्या हातून दबलेल्याचेच नुकसान करवून घेण्याची ही पद्धत तिला नवी नव्हती. ती आपल्या हातांनीही तसेच राबली होती, हे मात्र नवे होते. त्याच दुपारी तिने नोकरी सोडली.

घरातून तिने ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन केले. भाषेच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला तर बरे वाटतात." ती म्हणाली, "उलटे घालून बघा." बाईंनी अर्ध्या तासाने परत फोन केला आणि हेडफोन कुठे पाठवायचे ते विचारले.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर एक जुनी मापाची पेटी आहे. पुरवठादाराकडून ती पदरमोड करून चकत्यांचे खोके आणते, आलेले हेडफोन उघडते, जोडी बदलते आणि स्वतःचा ठिपका खरवडून नवा देते. धाकटीचा हेडफोन पहिला झाला. तिची मान सरळ झाली, वेगही आला. जागा मात्र तोवर दुसरीला दिली होती. आता ती त्याच कचेरीत जुन्या फायली लावते, कमी पगारावर.

पुढच्या वर्षी एका मोठ्या कंपनीने तशाच अक्रोडी लाकडाचा हेडफोन निम्म्या किमतीत आणला, आणि जाणकार तिकडे वळले. कारखान्यात आता सात माणसे आहेत. मावशी त्यांत नाहीत. मालक परवा धंद्यातल्या लोकांच्या एका बैठकीत म्हणाला म्हणे, की लहान कारखान्याने एक तरी बिनीची वस्तू काढलीच पाहिजे.

"काढावी की," धाकटीकडून हे कळल्यावर जोडीताई म्हणाली. "आपल्या खिशातून काढावी. माझ्या खणांतून नाही."

साडेनऊशेपैकी एकशे बारा जोड्या बदलून झाल्या आहेत. बाकीच्या बदलून देणे आहे.