स्वतःच्या दारापुढे

"पाव्हण्यानं चा प्यावा आन् निघावं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. रहिमतपूरच्या माझ्या पिठाच्या गिरणीत तो पोती उचलायला होता. दळण झाल्यावरही गप्पा मारत बसलेल्या बायकांना तो हे ऐकवी आणि त्या हसत उठत. मला झाडायला जागा मोकळी होई, म्हणून मीही काही बोलत नसे.

लढाई संपल्यावर पलटणीबरोबर तो जपानात राहून आला होता. साधा शिपाई, गल्लीने त्याला परस्पर हवालदार करून टाकलं. तुम्ही विचाराल, जपान कसं आहे? आम्हीही विचारलं. तो सांगे तिथल्या कोरियन लोकांबद्दल. जपान्यांनी त्यांचा देश गिळला होता. जपानी हरले, तर त्या देशात अमेरिकेचे साहेब येऊन बसले. मग ही माणसं पांढरे कपडे घालून साहेबाच्या जपानातल्या कचेरीपुढे जमत आणि खाली बसून राहत. "त्यांचं म्हणनं येकच," तो सांगे. "सोडवाय आलास, लय उपकार. आता जा की गड्या."

हसू नका, पण त्याच्या घरी हेच चाललं होतं. तो पलटणीत असताना त्याचं उसाचं रान राखायला म्हणून मेहुणा आला, तो बसलाच. ऊस तो लावी, गूळ तो विकी, आणि घरधनी माझी पोती उचली. बायकोच्या भावाला जा म्हणायचं म्हणजे तिच्या माहेराचाच अपमान. म्हणून हा गप्प.

एका सकाळी तो कामाला आला नाही. बघायला गेले, तर धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा घालून स्वतःच्याच दारापुढे मांडी ठोकून बसलेला. गल्ली जमली होती. मेहुण्याने उंबऱ्यातून दोनदा विचारलं, दाजी, काय झालं? न्याहारीला हाक आली, तरी उठला नाही. दुपारी बायको बाहेर आली. आम्हाला वाटलं, आता भावाची बाजू घेणार. ती पदर खोचून नवऱ्याशेजारी बसली.

"चूल इझवलीया," म्हणाली.

मेहुणा त्या दिवशी उपाशी निजला. सकाळी त्याने ट्रंक भरली. बहिणीने रीतीप्रमाणे भाकरी बांधून दिली. आणि स्टेशनपर्यंत ट्रंक कोणी वाहिली असेल? ह्यानेच. गाडी हलेपर्यंत "पुन्यांदा या" म्हणत होता.

गिरणीच्या पट्ट्याचं पार्सल यायचं होतं, म्हणून मीही स्टेशनवर होते. परतताना सहज विचारलं, त्या कोरियनांत तू कुठे बसायचास रे?

तो थोडं चालून थांबला. "म्या कुठला बसतोय, बाई. म्या सायबाच्या फाटकावर बंदूक घिऊन हुबा. त्यास्नी हलवायचा हुकूम हुता."

"हलवलंस?"

"व्हय. येक म्हातारी उठंना. उचलून बाजूला ठिवली." खांद्यावरचं पार्सल त्याने नीट केलं. "काय वजनच न्हवतं वो तिला."

गिरणीच्या दारात त्याने पार्सल उतरवलं आणि उद्यापासून येत नाही म्हणाला. मी थांबवलं नाही. रान नांगरायचं होतं.