लिंबाजी मिस्त्रींची पट्टी

लाकडाला हात लावण्याआधी लिंबाजी मिस्त्री दोन्ही हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. फाउंड्रीत सगळ्यांचीच तोंडं काळी, त्यात यांचा हा सोवळेपणा. पोरं हसायची.

"हसा," ते म्हणायचे. "घामाचा हात लागला का साग फुगतो. केसाएवढा फुगतो, पण फुगतोच."

नवीन जालन्याच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत आमची ती लहानशी फाउंड्री. मी डिप्लोमा करून तिथे ड्रॉइंगच्या कामाला लागले, तेव्हा मिस्त्रींना तिथे तीस वर्षं झाली होती. जो लोखंडी भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना ते करत. तो नमुना वाळूत दाबायचा आणि उमटलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. नमुना चुकला की त्यावरून निघणारा प्रत्येक भाग चुकणार. मालक घाई करायला आले की मिस्त्री रंधा खाली ठेवत. "जल्दी पाहिजे असंल तर बाजारातून पाट घिऊन या मालक. बसायला तरी कामी येईल." मालक हसत निघून जात. त्यांच्याशी असं बोलायची मुभा एकट्या मिस्त्रींनाच होती.

लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी मिस्त्रींची वेगळी पोलादी पट्टी होती. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा. वरची अक्षरं घासून गेल्यामुळे ती माझ्या साध्या पट्टीसारखीच दिसायची. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यातली तिची जागा ठरलेली होती आणि तिला कुणी हात लावत नसे.

मी लावला. एका दुपारी त्यांच्या टेबलावर ड्रॉइंग पसरून बोलत होते. उठताना घाईत त्यांची पट्टी माझ्या पिशवीत गेली आणि माझी तिथे राहिली. मला पत्ताही नाही.

बियाणं साफ करायच्या यंत्राचे चाळीस भाग ओतले गेले. चाळीसच्या चाळीस तोकडे निघाले. मालकांनी नमुना मोजला, तर ड्रॉइंगबरहुकूम, वाढ अजिबात धरलेली नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, वय झालं आता."

मिस्त्री नमुन्याकडे बघत राहिले. "बराबर आहे मालक. माझी पट्टी कुठं ठिवली तेबी आठवंना."

त्यांचा चेहरा का उतरला ते मला ठाऊक होतं. त्यांचे थोरले भाऊ म्हातारपणी सगळं विसरत गेले होते. शेवटी पोरांची नावंही गेली. एकदा डबा खाताना मिस्त्री मला म्हणाले होते, "मरणाला भेत न्हाई ताई. दादासारखं व्हायला भेतो."

त्याच संध्याकाळी पट्टी माझ्या पिशवीत सापडली. नोकरीला सहा महिने झालेले, समोर भंगारात पडलेले चाळीस भाग. मी घाबरले. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. उद्या सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस काढले. नवव्या दिवशी कळलं, मिस्त्री काम सोडून टेंभुर्णीला गावी गेले, हत्यारंसुद्धा भावकीत वाटून टाकली. मग मात्र मी मालकांपुढे जाऊन सगळं सांगितलं. "मला सांगून काय होणार?" ते म्हणाले. "त्यांना सांगा. आणि परत घेऊन या."

मी टेंभुर्णीची एसटी धरली. मिस्त्री अंगणात बसले होते, मांडीवर नातवाची शाळेची वही. मी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कडेवरून नख फिरवलं.

"ही तर माझी."

"माझ्याकडे होती. माझ्या हातून बदलली. तुम्ही काहीही विसरला नव्हतात, मिस्त्री."

ते घराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, भाईर ये! डोकं बिलकुल ठिकाणावर आहे माझं!" काकू आल्या. "सांगा ताई, हिला सांगा." मी सांगितलं. पोरगा शेतातून आला, त्यालाही सांगायला लावलं. "मोठ्यानं सांगा!" रागाचा मागमूस नव्हता, माणूस नुसता आनंदानं फुलला होता. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं.

"परत चला," मी म्हणाले. "मालकांनी बोलावलंय."

"हत्यारं देऊन टाकली ना ताई. आता कोणत्या तोंडानं मागू?" हे सांगतानाही ते हसतच होते.

काकू मात्र हसत नव्हत्या. "पट्टी कधी सापडल्ती तुम्हाला?"

"त्याच दिवशी."

त्यांनी ती वही उचलून माझ्यापुढे उघडली. पानंच्या पानं घरातल्या माणसांच्या नावांनी भरली होती. "आठ रोज झाले, सकाळी उठले का आठवतेत का म्हून लिहून बघून राह्यले. रोज. माझं नाव बी."

मला मान वर करवेना.

"ऱ्हाऊ दे गं," मिस्त्री म्हणाले. "आली ना पोर. चहा ठेव आधी."